बांधावर पलटी होणारा घोटा: भातशेतीतल्या एका बाईच्या अस्थिर घोट्याचे प्रकरण

रुग्ण ३८ वर्षांची स्त्री. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली. घरची थोडी भातशेती, उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. तक्रार एकच, उजवा पाय घोट्यातून आत पलटी होतो. तीन पावसाळ्यांपूर्वी रोप लावणीच्या वेळी डोक्यावर भारा घेऊन बांधावरून उतरताना तो पहिल्यांदा मुरगळला. घोटा सुजला, काळानिळा झाला. गावातल्या जाणत्या माणसाकडून चोळून घेतला, हळद-मिठाचा गरम लेप बांधला आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा चिखलात उभी राहिली. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी पाय दगा देतो. "दगूड नको का खड्डा नको, चालता चालता एकदम पलटतोय बघा," हे तिचे शब्द. घरात त्याचे निदान कधीच होऊन गेले आहे: हिचा पाय कच्चा.

हे प्रकरण कोण्या एका व्यक्तीचे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात अशा तक्रारीत नेहमी जे दिसते ते एका रुग्णाच्या रूपात मांडले आहे, म्हणजे तपासणीपासून शेतात परतण्यापर्यंतचा क्रम सलग वाचता येईल. मोजमापांचे आकडे अशा रुग्णांत आढळणाऱ्या मर्यादेतले आहेत.

पाय नेमका कुठे कमी पडतो

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, असतात. त्यातला पुढचा, नडगीशेजारच्या बारीक हाडापासून पावलाच्या वरच्या हाडाकडे जाणारा, सर्वांत कमजोर. बोटे खाली झुकलेली आणि तळवा आत वळलेला असला की पहिला ताण त्याच्यावर येतो आणि तोच पहिला फाटतो. यामागे हाडाचा आकारही आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारे पावलाचे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर ओढलेले असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो आणि सांधा हाडांच्याच आधाराने टिकतो. बोटे खाली झुकली की अरुंद भाग आत येतो, सांधा सैल पडतो, आणि सगळी भिस्त अस्थिबंध व स्नायूंवर राहते.

भातशेतीतले काम घोट्याला नेमके याच सैल स्थितीत नेते. चिखलातून पाय उपसताना चिखल पावलाला धरून ठेवतो, टाच आधी सुटते आणि बोटे खाली राहतात. त्याच स्थितीत पाऊल बांधाच्या कडेवर पडते, कड ओली असते, ढासळते. वर डोक्यावर भारा. भारा असला की मान ताठ ठेवावी लागते आणि पायाखाली बघता येत नाही. ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो ती माणसे तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त विसंबतात असे अभ्यासांतून दिसले आहे. डोक्यावरचा भारा तेवढाही आधार काढून घेतो.

मुरगळण्याविरुद्ध काम करणारे मुख्य स्नायू नडगीच्या बाहेरच्या अंगाला आहेत, पेरोनियस लाँगस आणि पेरोनियस ब्रेव्हिस. घोटा वळतोय हे कळून ते आखडायला साधारण ६० ते ८० मिलिसेकंद लागतात आणि मुरगळणे जवळपास तेवढ्याच वेळात उरकलेले असते. नुसती प्रतिक्रिया जलद करून भागत नाही. पाऊल जमिनीला टेकण्याआधीच हे स्नायू तयारीत असावे लागतात, आणि ती तयारी सरावानेच येते.

आता तळपाय. पेरोनियस लाँगसची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, बाहेरच्या घोट्यामागून खाली उतरते, तळपायाच्या खालून आडवी जाते आणि अंगठ्याच्या लांब हाडाच्या बुडाशी चिकटते. ती ओढली गेली की अंगठ्याचे बूड जमिनीवर दाबले जाते. उभे राहताना पावलाचा भार तीन ठिकाणी पडायला हवा: टाच, अंगठ्याचे बूड, करंगळीचे बूड. चुलीच्या तीन दगडांपैकी एक खचला की भांडे कलंडते, तसे अंगठ्याचे बूड उचलले गेले की भार बाहेरच्या कडेवर सरकतो आणि तिथून घोटा पलटायला फारसे निमित्त लागत नाही. अंगठ्याचे बूड दाबून धरण्याचे आणि कमान सांभाळण्याचे बाकीचे काम तळव्यातले छोटे स्नायू करतात. ते तळव्यात चार थरांत असतात. २०१५ साली मॅकीऑन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या सगळ्या रचनेला पावलाचा गाभा म्हणून मांडले. पोट-कंबरेच्या स्नायूंना कण्यासाठी जे महत्त्व, ते या स्नायूंना पावलासाठी, असा त्यांचा मुद्दा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अस्थिर घोट्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा संतुलनाच्या व्यायामांचा आहे. तळपायाच्या व्यायामांवरचे अभ्यास अलीकडचे आहेत आणि त्यातले बरेचसे थोड्या माणसांवर केलेले आहेत. म्हणून तळपायाचे व्यायाम संतुलनाच्या जागी ठेवू नयेत, त्याचा पाया म्हणून घालावेत. एका पायावर उभे राहायचे असेल तर आधी पाऊल जमिनीला नीट टेकता आले पाहिजे.

तपासणी

पहिले काम म्हणजे व्यायामाने बरे न होणारे काही लपलेले नाही ना हे पाहणे. नुकत्याच मुरगळलेल्या पायासाठी १९९२ पासून ओटावा नियम वापरात आहेत. दोन्हीपैकी एका घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला वा टोकाला (खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये) दाबून दुखत असेल, करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नौकाकृती हाडावर दाबून दुखत असेल, किंवा जखमेनंतर लगेच आणि तपासताना चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. या बाईची पहिली दुखापत जुनी, तरी त्या सगळ्या जागा दाबून पाहिल्या. कुठेच हाडाचे दुखणे नाही. सांध्याच्या आत खोल दुखणे, अडकल्यासारखे होणे, बाहेरच्या घोट्यामागे शीर टचकन जागची सरकणे यांपैकी काही असते तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे लागले असते. ते नव्हते.

शेतकाम करणाऱ्यांत आणखी एक गोष्ट बघावी. तासन्‌तास उकिडवे बसून काम केले की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या डोक्यावरून जाणारी नस दबते. मग पाऊल वर किंवा बाहेर उचलायला जोर येत नाही आणि पायाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असतो. तो घोट्याचा नव्हे, नसेचा आजार, आणि त्याची वाट वेगळी. इथे पावलाची संवेदना नीट होती. तिला मधुमेहही नव्हता. मधुमेह असता तर १० ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या तंतूने तळव्याची संवेदना तपासल्याशिवाय अनवाणी व्यायाम सांगितले नसते.

मोजमापे अशी निघाली. घोटा किती स्थिर वाटतो हे विचारणाऱ्या कंबरलँड प्रश्नावलीत ९ प्रश्न आणि ३० गुण असतात. २४ किंवा त्याहून कमी म्हणजे घोटा अस्थिर मानतात. उजव्याला १४, डाव्याला २८. गुडघा भिंतीला टेकवण्याची चाचणी, म्हणजे टाच न उचलता पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवून गुडघा भिंतीला लावता येतो: डावा ११ सेंटिमीटर, उजवा साडेसहा. डोळे उघडे ठेवून एका पायावर उभे राहणे: डावा ३० सेकंद सहज, उजवा ९. एका पायावर टाच उचलणे: डावा २१ वेळा, उजवा ११. पाऊल पुढे ओढून अस्थिबंधाची सैलता पाहिली तर उजवा डाव्यापेक्षा थोडा सैल, पण सांधा निखळल्यासारखा नाही.

आकड्यांपेक्षा उजव्या पायावर उभी असतानाचे तिचे पाऊल जास्त सांगत होते. चारही बोटे जमिनीत रुतवलेली, नखे पांढरी पडलेली, अंगठ्याचे बूड अर्धवट उचललेले. भार सगळा बाहेरच्या कडेवर. कमानीचे छोटे स्नायू काम करत नाहीत म्हणून पोटरीतून येणाऱ्या लांब शिरा बोटे वाकवून तोल पकडतात. अशाने क्षणभर उभे राहता येते, पण पाऊल त्याच बाजूला कलते जिथे घोटा पलटतो.

गुडघा-भिंतीतला साडेचार सेंटिमीटरचा फरकही लहान नव्हे. एक सेंटिमीटर म्हणजे घोट्याचे सुमारे साडेतीन अंश. पाऊल वर ओढले जात नाही म्हणजे हाडांनी घट्ट बसण्याची जी स्थिती तिच्यापर्यंत हा घोटा पोचतच नव्हता. म्हणून ताकदीच्या आधी, किंवा निदान तिच्या जोडीने, ती हालचाल परत मिळवावी लागणार होती.

वेळेचे गणित

मार्चच्या सुरुवातीला काम सुरू झाले. मेअखेर धूळवाफ पेरणी, जुलैत लावणी. हातात साधारण सोळा आठवडे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचे भाडे नाही, तरी शहरात येऊन जायचे तर मजुरीचा दिवस मोडतो. म्हणून तपासणी दर दोन आठवड्यांनी, नंतर दर तीन, आणि बाकी सगळे घरी. सूचना मराठीत, चित्रांसह, एका कागदावर. एका वेळी चारपेक्षा जास्त व्यायाम द्यायचे नाहीत हे आधीच ठरवले होते. सात-आठ व्यायामांचा कागद घरी गेला की दुसऱ्या आठवड्यात त्यातला एकही होत नाही.

पहिले चार आठवडे: पाऊल जमिनीला टेकवणे

मुख्य व्यायाम पाऊल आखूड करण्याचा. नीट सांगितला नाही तर तो हमखास चुकतो, म्हणून सविस्तर.

पाटावर किंवा खुर्चीवर असे बसावे की गुडघा घोट्याच्या बरोबर वर येईल. पाऊल अनवाणी, फरशीवर. आधी बोटे उचलून पसरावीत आणि सैल सोडत खाली ठेवावीत. टाच, अंगठ्याचे बूड, करंगळीचे बूड तिन्ही टेकलेली आहेत हे बघावे. मग बोटे न वाकवता अंगठ्याचे बूड टाचेकडे ओढायचे. पाऊल जागचे हलत नाही, पण कमान किंचित वर येते आणि पावलाची लांबी थोडी कमी होते. ५ सेकंद धरायचे, ५ सेकंद सोडायचे. १० वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. श्वास चालू ठेवायचा.

तीन चुका नेहमीच्या. बोटे आखडतात, म्हणजे लांब शिरांनी काम ओढून घेतले. यावर उपाय म्हणजे बोटांखाली एक कागद ठेवायचा आणि दुसऱ्याने तो ओढून बघायचा. कागद सहज निघाला पाहिजे. दुसरी चूक, घोट्याच्या पुढच्या बाजूची जाड शीर ताठ वर येते आणि अंगठ्याचे बूड सुटते. म्हणजे कमान तळव्यातून उचलली गेली नाही, वरून ओढली गेली. तिथे अंगठ्याच्या बुडाखाली एक नाणे ठेवून ते दाबून धरायला सांगावे. तिसरी, गुडघा बाहेर पडतो आणि सगळे पाऊल बाहेरच्या कडेवर झुकते. कमान उंच दिसते, समाधान वाटते, पण आपण शिकवतो ती हालचाल नेमकी मुरगळण्याची असते. अस्थिर घोट्याच्या माणसाला ही तिसरी चूक चालवून घेता कामा नये.

पहिल्या आठवड्यात तळव्यात पेटका येणे स्वाभाविक आहे. न वापरलेला स्नायू असाच तक्रार करतो. पेटका आला की बोटे हाताने वर ओढावीत, तळवा अंगठ्याने दाबावा आणि पुढची पकड पाचऐवजी तीन सेकंदांची ठेवावी. या बाईला पहिले चार दिवस कमान उचलताच येईना. तेव्हा तिने हाताने अंगठ्याचे बूड टाचेकडे ढकलून ती स्थिती पकडायची आणि हात सोडल्यावर ती टिकवायची, असे केले. पाचव्या दिवशी हाताशिवाय जमले. असे हाताने सुरू करून देणे बहुतेकांना लागते.

सोबत बोटांची हालचाल: अंगठा एकटा वर आणि चार बोटे खाली, मग अंगठा खाली आणि चार बोटे वर, प्रत्येकी १०. हे आधी मुळीच होत नाही आणि माणूस वैतागतो. पंचा जमिनीवर पसरून बोटांनी गोळा करण्याचा जो व्यायाम सर्रास सांगितला जातो तो इथे मुद्दाम दिला नाही. त्यात बोटे आखडण्याचीच सवय पक्की होते आणि ती हिला आधीच जास्त होती.

घोट्याची हालचाल परत आणण्यासाठी भिंतीसमोर उभे राहून टाच न उचलता गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे न्यायचा, १० वेळा, तीन फेऱ्या. आणि पोटरीचा ताण, गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद आणि वाकवून ३० सेकंद, प्रत्येकी तीनदा. गुडघा आत पडू देऊ नये. आत पडला तर कमान कोसळते आणि घोटा न वाकताच गुडघा पुढे गेल्याचा भास होतो.

चौथा व्यायाम रबरी पट्टीचा. विकतची पट्टी नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून तीन बोटे रुंद आणि साधारण एक मीटर लांब पट्टी घ्यावी. ती विकतच्या पट्टीपेक्षा कडक असते, म्हणून सैल धरून सुरुवात करावी. पट्टीचे एक टोक डाव्या पावलाखाली दाबायचे, दुसरे उजव्या पावलाच्या पुढच्या भागाला गुंडाळायचे आणि गुडघा न हलवता पाऊल बाहेर वळवायचे. दोन मोजत बाहेर, एक थांबून, तीन मोजत परत. १२ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. परत येतानाचा संथपणा सोडू नये. घोटा पलटताना पेरोनियस ताणला जात असतानाच रोखून धरतो, तेव्हा ताणत सोडण्याचीच ताकद हवी असते.

पाचवा आठवडा: पुन्हा मुरगळला

चौथ्या आठवड्याअखेर आकडे सुधारले होते. गुडघा-भिंत साडेसहावरून साडेआठ, एका पायावर १८ सेकंद. बसून होणारा पाऊल आखूड करण्याचा व्यायाम आता उभ्याने दोन पायांवर, आणि मग एका पायावर सुरू झाला होता. शिवाय दोन पायांवर टाचा उचलणे: दोन्ही टाचांच्या मध्ये कापडाचा गोळा दाबून, वर जाताना भार अंगठ्याच्या बुडावर ठेवून. टाचा उचलताना भार करंगळीकडे घसरतो तो तिथेच थांबवण्यासाठी हा गोळा.

पाचव्या आठवड्यात नळावर पाणी भरताना ओल्या दगडावर उजवा पाय पुन्हा पलटला. संध्याकाळी थोडी सूज, चालता येत होते. हाडावर दुखणे नव्हते.

नीट विचारल्यावर कारणे सापडली. दिवसभर खुरपणी करून आल्यावर ती रात्री व्यायाम करत होती, म्हणजे थकलेल्या स्नायूंना आणखी थकवत होती. नळावर पायात रबरी हवाई चप्पल होती, ओली. पाऊल चपलेत घसरते आणि चप्पल दगडावर. आणि व्यायाम चालू आहेत म्हणून तिने त्याच आठवड्यापासून दोन कळश्या एकदम आणायला सुरुवात केली होती. तिच्या अंगात बळ आले होते, पण पावलाला त्या बळाची सवय व्हायला अजून वेळ लागणार होता.

पूर्ण विश्रांती दिली नाही. दोन दिवस फक्त बसून होणारे व्यायाम, दुखणार नाही अशा ओढीने पट्टी, आणि पाय उंच करून ठेवणे. चोळणे आणि गरम शेक पहिले दोन-तीन दिवस नाही. ताज्या दुखापतीत दोन्हींनी सूज वाढते. तिसऱ्या दिवशी उभ्याने निम्म्या फेऱ्या. आठवड्याभरात मागच्या जागी.

त्या वेळी तिला घरी मोजता येईल असा नियम दिला. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पूर्वीइतके झाले पाहिजे. शिवणाच्या टेपने सकाळी उठल्यावर घोट्याचा घेर एकाच जागी मोजायचा. कालपेक्षा अर्धा सेंटिमीटर वाढला तर त्या दिवशी एक पायरी मागे. संतुलनाचे व्यायाम सकाळी, कामाला जाण्याआधी. रात्री फक्त पोटरीचा ताण आणि बोटांची हालचाल.

चपलांबद्दलही तेव्हाच बोलणे झाले. कोल्हापुरी चप्पल आपल्या भागाचीच. अथणी-निपाणीकडे ती घडवली जाते, आणि भौगोलिक मानांकनात बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हेही आहेत. पातळ, सपाट तळ असल्याने पायाखालची जमीन कळते, ही तिची जमेची बाजू. पण मागे टाच धरायला काही नाही, आणि चामडे भिजले की फुगते, निसरडे होते. कोरड्या रस्त्यावर, घरादारात चालेल. शेतात जायच्या वाटेवर आणि पाणी आणताना मागे पट्टा असलेली, टाच धरून ठेवणारी सँडल. दोरीने आवळायचा घोट्याचा पट्टा वारंवार मुरगळणे कमी करतो, यात शंका नाही. पण लावणीच्या चिखलात तो भिजतो, आत माती जाते, कातडी सोलते. म्हणून भारा घेऊन वाटेने आणि बांधावरून चालताना पट्टा, चिखलात उतरताना काढायचा. पट्टा बांधला म्हणून व्यायाम सोडायचे नाहीत.

सहा ते अकरा: फरशीवरून हलणाऱ्या जागेवर

पुढची पायरी कधी चढायची याची अट घातली होती. उजव्या पायावर ३० सेकंद, सलग तीनदा, कुठे हात न लावता आणि बोटे न रुतवता. बोटांची अट सर्वांत उशिरा पूर्ण होते. वेळ भरते, पण पाऊल अजून बोटांनीच जमीन पकडून असते. अशा वेळी बोटे मुद्दाम उचलून उभे राहायला लावले की लगेच कळते कमान किती काम करते ते.

सातव्या आठवड्यात अट पूर्ण झाली. मग वाकळीची चौपदरी घडी, आणि दोन आठवड्यांनी भाताच्या तुसाने तिसरा हिस्सा भरलेले पोते. पोते सपाट केल्यावर चार बोटे उंच राहावे. भिंतीच्या हाताशी, अनवाणी, त्यावर एका पायाने ३० सेकंद, चारदा. गिरणीतून तूस सहज मिळते आणि पोते पायाखाली थोडेसे खचते. ओल्या बांधाची कड अशीच खचते. पोते घाईने आणू नये. पावलाची पकड आलेली नसताना त्यावर चढवले तर माणूस कंबर वेडीवाकडी हलवून तोल सांभाळतो आणि घोटा काहीच शिकत नाही.

जमिनीवर खडूने तीन रेषा काढायच्या: पुढे, मागे तिरकी आत, मागे तिरकी बाहेर. उजव्या पायावर उभे राहून डाव्या पायाच्या बोटाने प्रत्येक रेषेवर जाईल तितके दूर स्पर्श करायचा, भार न टाकता. प्रत्येकी ६. पुढच्या रेषेवर दोन्ही पायांत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काम बाकी आहे असे समजावे. तिला सुरुवातीला सात सेंटिमीटरचा फरक होता.

टाच उचलणे आता पायरीच्या कडेवर, एका पायाने, टाच पायरीखाली जाऊ देत. ८ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. जमेल तसे १२.

याच टप्प्यात डोळे आणि मान. एका पायावर उभे राहून नजर समोर खिळवायची आणि पायाकडे बघायचे नाही. मग मान सावकाश डावी-उजवी. बसलेल्या कामाच्या माणसाला हे नंतर दिले तरी चालते. डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या बाईला हे टाळून लावणीला पाठवणे म्हणजे व्यायाम अर्धाच करून घेणे.

बारा ते सोळा: बांध

घरातली ताकद बांधावर आपोआप येत नाही, आणि बहुतेकांचे व्यायाम इथेच थांबतात. दुखणे गेलेले असते, फरशीवर उभे राहता येते, म्हणून कागद घडी होऊन कोनाड्यात जातो. तिच्या कामाचे तुकडे करून एकेक परत आणले. आधी अंगणात वीतभर रुंद फळीवरून चालणे, पुढे आणि मग मागे, कारण लावणी मागे सरकत होते. मग डोक्यावर रिकामी बुट्टी. मग तीत पाच किलो, आठवड्याने दहा. मग तेच मेच्या कोरड्या बांधावर, पट्टा बांधून. पहिला पाऊस पडल्यावर ओल्या बांधावर, पुन्हा रिकाम्या बुट्टीपासून.

उड्याही याच टप्प्यात. दोन पायांवर जागच्या जागी, मग पुढे, मग बाजूला, शेवटी लंगडी. लंगडी सगळ्यांना येते, वेगळे काही शिकवावे लागत नाही. उजव्या पायावर पाच उड्या, प्रत्येक उडीनंतर दोन सेकंद थांबून, अंगठ्याचे बूड टेकलेले आहे हे जाणवून. धाडकन टाच आपटू द्यायची नाही. दुसऱ्या सकाळी सूज नसेल तरच पुढच्या दिवशी बाजूला उडी.

बांधावरून चिखलात उतरण्याची पद्धतही बदलली. आधी पाय पूर्ण टेकवायचा, तिन्ही जागा, आणि मगच भार द्यायचा. चिखलातून पाय काढताना टाच एकदम उपसायची नाही. गुडघा वाकवून, पाऊल किंचित वर ओढून सरळ काढायचे. चढताना बांधाच्या कडेवर नव्हे, माथ्यावर पाऊल.

सोळाव्या आठवड्यात

गुडघा-भिंत १० सेंटिमीटर. एका पायावर ३० सेकंद, बोटे सैल. एका पायावर टाच उचलणे १८. पुढच्या रेषेवरचा फरक तीन सेंटिमीटर. कंबरलँड प्रश्नावलीत २३. तीन गुणांचा बदलही माणसाला जाणवण्याइतका धरतात, इथे नऊ झाला. तरी २३ म्हणजे अजून रेषेच्या आतच. हाताने तपासली तर अस्थिबंधाची सैलता तेवढीच होती. व्यायामाने ती जात नाही. कमानीची उंचीही डोळ्यांना वेगळी दिसत नव्हती. बदलले होते ते पावलाचे वागणे.

लावणीच्या हंगामात दोनदा पाय आत झुकला आणि तिथेच सावरला. सूज आली नाही, काम थांबले नाही. उतारावर, जांभ्या दगडांवरून भारा घेऊन उतरताना मात्र तिला अजून भीती वाटत होती. तो उतार ती बिनभाऱ्याने उतरायची आणि भारा दुसऱ्या बाईकडे द्यायची, आणि तसेच सध्या चालू ठेवायला सांगितले.

पुढचे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे: उभ्याने एका पायावर पाऊल आखूड करणे, पायरीवर टाच उचलणे, तुसाचे पोते, आणि हंगामाआधी महिनाभर लंगडी व ओझे पुन्हा खालून वर. दर तीन महिन्यांनी गुडघा-भिंत आणि एका पायाची वेळ घरीच मोजायची. उजवा डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटरने किंवा दहा सेकंदांनी मागे पडला तर पट्टीचा आणि भिंतीचा व्यायाम परत सुरू करायचा. एवढे सगळे नेटाने तीन ते सहा महिने करूनही घोटा पलटतच राहिला, किंवा सांध्याच्या आत खोल दुखू लागले, तर एमआरआय काढून अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. फाटलेला अस्थिबंध आवळून शिवण्याची ब्रॉस्ट्रॉम यांची पद्धत १९६६ पासून वापरात आहे, आणि त्या शस्त्रक्रियेनंतरही याच व्यायामांचा क्रम, तज्ज्ञाने सांगितलेल्या वेळेला, पहिल्या पायरीपासून सुरू करावा लागतो.